खालची बॅटरी

उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की थंडी चार दिवसांवर आली हे मला कळतं, कॅलेंडर बघावं लागत नाही. सुप्याहून परतताना बस एखाद्या ट्रॅक्टरमागे अडकते. त्याच्या दोन्ही ट्रॉल्या हातभर जास्तच भरलेल्या असतात, सुटलेलं वाळकं पाचट वाऱ्यानं काचेवर आपटतं आणि ड्रायव्हर हॉर्न देऊन देऊन दमतो. बसमधली माणसं वैतागतात. मी उसावर बसलेल्या लोकांचे चेहरे बघत राहते. डोक्याला फडकी गुंडाळलेली असतात, फक्त डोळे दिसतात. त्यात कुणी ओळखीचं आहे का, हे बघायची खोड तीन वर्षं झाली तरी जात नाही.

या दिवसांचा माझ्यापुरता एक वास आहे. त्यात उसाचा गोडसर, आंबूस वास असतो आणि सोल्डरचा धूरही. जिन्याखालच्या कोंदट जागेतला, रबर तापल्यावर येतो तसा वासही त्यात मिसळलेला असतो. तो कुठूनही आला तरी माझा हात पर्समध्ये मीटर चाचपतो. बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात, मी व्होल्ट मोजायचा मीटर ठेवते.

सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात मी वीस वर्षं आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामात दोष शोधायचा, सापडला की लाल खडूनं खूण करायची आणि माल बाजूला काढायचा. संशय घ्यायचा हिला पगार मिळतो, असं माझा भाऊ पाहुण्यांसमोर सांगतो आणि सगळे हसतात. मीही हसते. पण हे काम संध्याकाळी गेटवर ठेवून घरी येता येत नाही. भाजीवाल्याच्या तराजूपासून डॉक्टरांच्या अक्षरापर्यंत नजर सगळीकडे खूण करत फिरते.

निवृत्ती गाडे माझ्या आयुष्यात आला तो अशाच एका लाल खुणेमुळे. तो आमच्याच कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर होता. पाथर्डी तालुक्यातल्या कोरड्या भागातलं गाव, तिशी नुकती ओलांडलेली, बोलणं मोजकं. त्याचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे. निवृत्तीची शाळा अशीच अर्ध्या-अर्ध्या वर्षांनी झाली. घरात ऊसतोडीचा कोयता खाली ठेवणारा तो पहिला. त्याच्या कामाचे सहा नग मी बाजूला काढले, तेव्हा बाकीच्यांसारखा तो कुरकुरला नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, चूक कुठं हाय ती दाखवा. मला दिसंना." मी त्याला भिंगाखाली केसाएवढी चीर दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. "दिसली," म्हणाला. पुढं त्याचा एकही नग परत आला नाही.

मला यंत्रं करायचा नाद आहे. जुन्या गाड्यांच्या वायपरच्या मोटारी, सायकलची चेन, रिमोट, असलं जमवून मी चालणारी-फिरणारी खेळणी करते. सावेडीत आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली मला एक कोपरा मिळाला आहे. निवृत्तीनं माझ्या मोबाईलमध्ये त्यातल्या एका यंत्राची हालचाल पाहिली आणि लगेच विचारलं, "ह्याला अंग लोखंडाचं केलं तर?" त्याच सुमारास राहात्याच्या शेतीप्रदर्शनात यंत्रांची रस्सीखेच ठेवल्याचं कळलं. दोन यंत्रांमध्ये दोर बांधायचा आणि जे दुसऱ्याला ओढून नेईल ते जिंकलं. दिवाळीनंतर दर शनिवार-रविवारी निवृत्ती सावेडीत यायला लागला. भंगारातल्या अँगलपासून त्यानं असा सांगाडा जोडला की तपासायला माझ्याकडे जागाच उरली नाही. यंत्राचं नाव त्यानंच ठेवलं, पवळ्या. त्याच्या आजोबांच्या बैलजोडीतल्या एकाचं ते नाव होतं.

अशा यंत्रांना हल्ली लोक हलक्या बॅटऱ्या लावतात. आम्हाला जड हवी होती. रस्सीखेचीत वजन असलं तर चाकं जमीन सोडत नाहीत. म्हणून शिशाची बॅटरी घ्यायची ठरवली. स्कूटरला असते तशी, सगळीकडून बंद, बारा व्होल्टची. मोटारींना चोवीस व्होल्ट लागायचे, म्हणून दोन घ्यायच्या, एकीला एक जोडून. एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या.

राहात्याच्या बाजारात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. तिथं बॅटऱ्यांचा कोपरा कुसुमताई सांभाळतात. साठीच्या बाई, नऊवारीवर पोराचा जुना स्वेटर, कपाळावर चष्मा. मी मीटर काढून त्यांच्या बॅटऱ्यांचे व्होल्ट मोजायला लागले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "ताई, रिकामी बसल्याली बॅटरी समदीच गुणाची आसती. तिला वझं द्या, मग बोलंल ती." त्यांनी दोन टोकांचा जाड तारेचा चिमटा बॅटरीवर दाबला, तार तापून लाल झाली आणि काटा थोडा खाली येऊन थांबला. "ही चांगली हाय. न्या." तरी घरी आल्यावर मी दोन्ही बॅटऱ्यांवर नेलपॉलिशनं खूण केली. पहिलीला एक लाल ठिपका, दुसरीला दोन. का केली, हे त्या वेळी मला विचारलं असतं तर सवय म्हणाले असते.

पहिली चाचणी रविवारी सकाळी झाली. ब्रेक लावलेल्या माझ्या स्कूटीला दोर बांधला. पवळ्यानं ती फरफटत दहा पावलं नेली आणि मधेच गप्प झाला. मी मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्या साडेबाराच्या वर, ठणठणीत. निवृत्ती गुडघ्यावर बसला आणि जोडणीच्या टोकांना बोटानं हात लावत गेला. "मॅडम, हितं हात लावा. गरम हाय. ढिलं राहिलंय हे." मी हात लावला. गरम होतं. ढिली जोडणी ओझं आलं की तापते आणि वीज तिथंच अडते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण वहीत मी लिहिलं, 'कारण निश्चित नाही.'

मधल्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "तुमचा तो पाथर्डीवाला बुधवारी आला होता हं. तुम्ही कामावर होता. खाली बराच वेळ खुडबुड चालली होती त्याची." त्यांचा आवाज उगाच खाली गेला होता, आणि मीही उगाच मान खाली घालून ऐकलं.

शनिवारी निवृत्तीनं आपणहून सांगितलं, "बुधवारी रातपाळी हुती, म्हणून दुपारी येऊन गेलो. ते टोक दाबून डाग दिलाय. आता हलनार न्हाई." खरंच, टोक चकचकत होतं. तिथंच विषय संपायला हवा होता. पण आदल्या महिन्यात चहा पिताना तो एकदा बोलला होता, ते मला आठवलं. गावाकडे लाईट सारखी जाते, आईला अंधारात दिसत नाही, तिच्या खोलीत बॅटरीवर एक दिवा बसवायचा आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. मी त्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मग त्यांच्यात संबंध दिसायला लागला.

त्या रविवारी तो गेल्यावर मी पवळ्याच्या पोटात एक लहानशी सर्किटची पाटी बसवली. काडेपेटीएवढी, तिच्यावर एकही दिवा नाही. दर दहा मिनिटांनी ती बॅटरीचे व्होल्ट मोजायची आणि आपल्या चिपेत लिहून ठेवायची. पाटीला बाराच व्होल्ट चालायचे, म्हणून खालच्या बॅटरीला जोडली. मुख्य बटण बंद असतानाच तर पाळत ठेवायची होती, म्हणून बटणाच्या अलीकडून जोडली. झाकणाच्या फटीत काळा दोरा अडकवून त्याची गाठ मारली. हे सगळं करताना मला शरम वाटली नाही, हे लिहायलाच हवं. उलट नीटनेटकं काम झाल्याचं समाधान वाटलं.

पुढच्या शनिवारी मी निवृत्ती येण्याआधीच खाली गेले. दोरा जागेवर होता, पण गाठ माझी नव्हती. खालची बॅटरी मोजली. साडेअकरा. वरची जशी ठेवली होती तशीच भरलेली. भरलेली शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तर आठवडाभरात इतकी उतरत नाही. म्हणजे तिच्यावर कुणीतरी काहीतरी चालवलं होतं.

निवृत्ती आला, त्यानं चहा घेतला, कामाला लागला. मी काही विचारलं नाही. तो आपणहून सांगतो का, हे बघत राहिले. त्यानं सांगितलं नाही. मग त्याच्या प्रत्येक हालचालीला मला अर्थ दिसायला लागला. पिशवी आज मोठी आणली आहे. फोन आला तर बाहेर जाऊन बोलतो. खालच्या बॅटरीकडे जास्त बघत नाही, किंवा मुद्दाम बघतो.

तीन आठवडे हेच चाललं. रविवारी संध्याकाळी दोन्ही बॅटऱ्या पुऱ्या भरून ठेवायच्या आणि शनिवारी खालची उतरलेली मिळायची. आम्ही गाडीच्या हेडलाईटचा बल्ब आणून ओझ्याची परीक्षा घ्यायला लागलो. बॅटरी भरायची, चार तास निवू द्यायची, कारण चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी खोटं सांगते. मग बल्ब जोडायचा आणि घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा. एका ठिपक्याच्या बॅटरीनं बल्ब पाऊण तासाहून जास्त पांढराशुभ्र ठेवला. दोन ठिपक्यांच्या, म्हणजे खालच्या बॅटरीवर तो पंचवीस मिनिटांत पिवळा पडला. पुन्हा पुन्हा तळाशी गेलेली शिशाची बॅटरी पहिल्यासारखी भरत नाही. तिच्या पट्ट्यांवर खडे धरतात, ती आतून आखडत जाते. बल्ब मंदावत गेला तसे आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

निवृत्ती म्हणाला, "मॅडम, दोन्हीची अदलाबदल करून बघू का? वरची खाली, खालची वर. मग कळंल, खोट बॅटरीत हाय का दुसरीकडं."

दोष शोधायची याहून सरळ वाट नाही. कारखान्यात मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवते. पण त्या दिवशी मला वाटलं, हा पुरावा मिसळून टाकायला बघतोय. मी नेलपॉलिशचे ठिपके त्याच्यासमोर परत गडद केले आणि मग म्हटलं, "करू या."

अदलाबदलीनंतर दोन आठवड्यांत एका ठिपक्याची बॅटरी उतरायला लागली. वर गेलेली दुसरी निदान होती तिथं थांबली. मी याचा अर्थ काय लावला? आता याचा हात हिच्याकडे वळला.

त्याच दिवसांत कारखान्यात एक मीटर सापडत नव्हता. चहाच्या वेळी सुपरवायझर सहज म्हणाले, "मॅडम, त्या गाडेशी तुमचं बोलणं असतं. माणूस कसा आहे?" मी कप खाली ठेवला. "कामाला चांगला आहे," मी म्हणाले, आणि लगेच पुढं, "पण जरा लक्ष असू द्या." सुपरवायझरनी मान हलवली. पुढं आम्ही कॅन्टीनच्या पोह्यांबद्दल बोललो. मीटर चार दिवसांनी दुसऱ्याच खणात सापडला, पण तोवर ठेकेदाराच्या माणसांची नवी यादी लागली होती.

शनिवारी निवृत्ती नेहमीच्या वेळेला आला. चप्पल काढून जिन्याच्या पायरीवर बसला. "मॅडम, माझं नाव न्हाई यादीत."

"ठेकेदाराला विचारलंत?"

"इचारलं. म्हनतो, वरून आलंय. वरून म्हंजे कुटून, ते सांगंना." त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुमी एक डाव इचारता का?"

"बघते," म्हणाले, आणि बॅटरीवर वाकून नसलेली धूळ पुसायला लागले. त्यानं त्या दिवशी पवळ्याच्या पुढच्या हुकाचं राहिलेलं काम पूर्ण केलं, झाडून घेतलं आणि गेला. नंतर आला नाही.

स्पर्धा आठ दिवसांवर आली होती. माझा संशय तेवढ्यावर थांबला नव्हता. कुसुमताईंनी जुना माल तर गळ्यात मारला नाही ना, असंही मनात यायला लागलं. पवळ्याला टेम्पोत घालून मी राहात्याला गेले ती भांडायच्या तयारीनंच. त्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. वही बघितली. चष्मा डोळ्यांवर घेतला.

"म्हंजे आधी ही बॅटरी खाली हुती, तवा ही उतरली. मग ती खाली घातली, तर ती उतरली."

"हो."

"मंग ताई, बॅटरी बदलली तरी तीच जागा मरती. खोट बॅटरीत न्हाई, जागेत हाय. बटन बंद हाय का हितलं?"

"बंद आहे."

त्यांनी खालच्या बॅटरीची एक तार सोडवली आणि ती तार आणि बॅटरी यांच्या मधे आपला मीटर जोडला. बटण बंद असताना तिथून काहीही वाहायला नको होतं. मीटरवर पन्नास मिलिअँपिअर आले. थेंबाथेंबानं, रात्रंदिवस. मी मनात हिशेब केला. पाच-साडेपाच दिवसांत बरोबर एक बॅटरी रिकामी.

त्या तारेचा माग काढत कुसुमताईंची बोटं पवळ्याच्या पोटात गेली आणि काडेपेटीएवढी पाटी बाहेर घेऊन आली. "हे काय हाय?"

"ती... नोंद ठेवायला बसवलीय."

"कशाची नोंद?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बाहेरून उसाची गाडी जात होती. मी वही मिटली. कुसुमताईंनी पाटी माझ्या तळहातावर ठेवली आणि त्या गिऱ्हाइकांकडं वळल्या.

कारखान्यात माझ्या टेबलावरच्या प्रत्येक उपकरणाला तारखेची चिठ्ठी असते. ज्यानं मोजायचं त्याला आधी मोजून घ्यायचं, हा तिथला पहिला नियम. ही पाटी किती वीज खाते, ते मी एकदाही मोजलं नव्हतं. एवढीशी तर आहे, काय खाणार, असं गृहीत धरलं होतं.

घरी येऊन मी चिपेतली सगळी नोंद उघडली. आतापर्यंत दर शनिवारी फक्त शेवटचा आकडा बघितला होता, कारण मला हवं ते त्यातच मिळत होतं. आता पहिल्यापासून बघितलं. रविवारी संध्याकाळपासून शनिवारी सकाळपर्यंत एक सरळ उतार. दिवसा तेवढाच, रात्रीही तेवढाच. कुणी दिवा लावला असता तर मधे खड्डा पडला असता. कुठंही खड्डा नव्हता. निवृत्तीवर ठेवलेली पाळतच सांगत होती की त्यानं काही केलं नाही, आणि हे ती पहिल्या आठवड्यापासून सांगत होती.

सोमवारी मी सुपरवायझरना सगळं सांगितलं. ते गोंधळले. "मॅडम, तुम्ही फक्त लक्ष असू द्या म्हणालात. त्यात काय एवढं? अशा पाच-सहा जणांची नावं गेली आहेत." माझ्या एका वाक्यानं नाव गेलं की ते जाणारच होतं, हे मला आजही ठाऊक नाही. निवृत्तीचा काही दोष नाही, असं मी लेखी दिलं. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि पुढच्या यादीच्या वेळी बघू म्हणाले.

निवृत्तीचा फोन लागत नव्हता. मी रजा टाकून त्याच्या गावी गेले. वडील पाठीच्या दुखण्यानं यंदा घरीच होते, आई चुलीशी. "निवृत्ती गेला कोयत्यावर," वडील म्हणाले. "सासऱ्याच्या टोळीत. राहात्याच्या अंगाला हाय कुठंतरी." आईनं पाणी आणून दिलं आणि कोपऱ्यातला दिवा लावला, पाहुणी नीट दिसावी म्हणून. दिवा बॅटरीवर होता. आणि सगळं कळून चुकल्यावरसुद्धा माझी नजर त्या बॅटरीच्या कडेला गेली, लाल ठिपका शोधत. ट्रकची जुनी, भलीमोठी बॅटरी होती ती. आमच्या दोन्ही मिळून तिच्या एका कोपऱ्यात बसल्या असत्या. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो संपेपर्यंत खाली घेतला नाही.

टोळीचा ठावठिकाणा मिळेपर्यंत स्पर्धेचा दिवस उजाडला. राहात्याबाहेर एका तोडलेल्या उसाच्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या, टोळीच्या झोपड्या, उभ्या होत्या. दुपारची वेळ. बायका मोळ्या बांधत होत्या, पुरुष ट्रॉली भरत होते. निवृत्ती फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढत होता. मला बघून त्यानं मोळी आधी नीट वर टाकली, मग खाली आला. हातावर पाचटाचे चरे उठलेले होते.

"मॅडम, तुमी हितं?"

मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरले. पाटी कुठं बसवली, का बसवली, बॅटरी कशानं उतरली, ते उभ्यानंच सांगून टाकलं. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "पाटी दिसली हुती मला. एका बिस्तरवारी आल्तो, हुकाचं माप घ्यायला. झाकन उघडलं तर दोरा तुटला. मला वाटलं, मॅडमनी पाळतीला बांधलाय. परत बांधून ठेवला."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुमी इचाराल म्हनून थांबलो." तो ट्रॉलीच्या चाकाकडे बघत होता. "तुमी इचारलं न्हाई. मंग मला बी बोलाय अवघड झालं. म्हनलं, आज ना उद्या खोट सापडंल, मंग आपसूक फिटंल."

लांब प्रदर्शनाच्या मैदानावरचा भोंगा ऐकू येत होता. रस्सीखेचीच्या यंत्रांची नावं पुकारत होते.

"अजून एक आहे," मी म्हणाले. "यादीतून तुमचं नाव गेलं त्याच्या आधी, मी सुपरवायझरना तुमच्याबद्दल बोलले होते."

तो पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघायला लागला. "काय बोलला हुता? शब्द सांगा."

"कामाला चांगला आहे. पण जरा लक्ष असू द्या."

"जरा लक्ष असू द्या," तो सावकाश म्हणाला. भिंगाखाली चीर बघताना बघत होता, तसाच शब्दांकडे बघितल्यासारखा. "एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यावर जातं व्हय मानसाचं नाव."

पलीकडून त्याच्या बायकोनं हाक मारली. डोक्यावर मोळी घेऊन ती ताटकळत उभी होती. त्यानं जाऊन मोळी उतरवून घेतली. तिनं मी कोण म्हणून विचारलं असावं. त्यानं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. भोंग्यावर आवाज आला, 'पवळ्या, सावेडी.' थोड्या वेळानं पुन्हा. आम्ही दोघांनीही मान वर केली.

"आपलं नाव घेत्यात," निवृत्ती म्हणाला. "जावा, सांगून या त्यास्नी. न्हाईतर वाट बघत बसतील." आणि फळीकडे वळता वळता, "मला गाडी भरायची हाय."

मी मैदानावर गेले आणि आम्ही येणार नाही असं सांगितलं. टेबलाशी बसलेल्या माणसानं कारण विचारलं. बॅटरीत बिघाड झाला, असं मी सांगितलं. खरं तर तेही खोटं होतं.

उन्हाळ्यात नवी यादी झाली तेव्हा मी रोज एकदा सुपरवायझरांच्या टेबलाशी उभी राहिले. शेवटी ठेकेदारानं निवृत्तीला निरोप धाडला. तो आला नाही. दोन वर्षं कोयत्यावर काढून त्यानं पाथर्डीकडच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं आहे. दारं, खिडक्या, ट्रॉल्यांचे हुक करतो. मला हे दुसऱ्यांकडून कळलं.

मागच्या पंधरवड्यात त्याचा फोन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "मॅडम, एका ट्रॅक्टरची बॅटरी सारखी बसतीय. नवी टाकली तरी तेच. जरा बघता का येऊन?" मी रविवारी सकाळी गेले. आम्ही फारसं बोललो नाही. त्यानं सगळी बटणं बंद केली, मी तार सोडवून मीटर जोडला, आणि एकेक फ्यूज काढत गेलो. मालकानं हौसेनं बसवलेला गाण्याचा डबा बंद करूनही वीज ओढत होता. निवृत्तीच्या चेहऱ्यावर मी तीन वर्षांनी हसू बघितलं. "सापडलं," म्हणाला.

तेवढ्यात त्याला फोन आला. पुढच्या वळणावर एका ट्रॉलीचा हुक तुटला होता आणि मागे गाड्या खोळंबल्या होत्या. त्यानं वेल्डिंगचं सामान मोटारसायकलवर बांधलं. मी आत स्टुलावर बसले होते. तो दारात उभा राहून थांबला, तेव्हा मी उठून बाहेर आले. त्यानं शटर खाली ओढलं, दोन्ही बाजूंना कुलपं लावली आणि एकेक ओढून बघितलं.

"बसा मॅडम बाकावर. च्या सांगितलाय. अर्ध्या तासात आलो." गाडीला किक मारून तो निघून गेला.

माझी पर्स आणि मीटर आतच राहिले होते. तो दुकान सोडताना कुणीही बसलेलं असलं तरी असं कुलूप लावतो, की फक्त मी होते म्हणून लावलं, हे शेजारच्या चहावाल्याला विचारता आलं असतं. प्रश्न ओठांवर आला होता. रस्त्यानं उसाच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. चहा आला. मी तो घेतला आणि विचारलं नाही.